मसाल्याचं कुलूप

वकीलचाचांच्या समोर बसलं की माणूस आपण होऊन बोलायला लागे. चाचा फक्त डोळे मिटून ऐकत. आईनं मला कधीच न सांगितलेलं गुडघ्याचं दुखणं त्यांना दहा मिनिटांत सांगून टाकलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलायचे ते 'शटर ओढ' आणि 'मिरची वाळली का' एवढंच. चाचांशी मात्र तासभर. चाचा आले की माझी बायको बशीसकट चांगले कप काढायची, मला स्टीलचा पेला. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणायची, "तुमी काय पावणं हाय का?"

चाचा मूळचे जुन्नरचे. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातानं कागद करत. "आजोबांनी पांढरा केला, मी काळा करतो," असं ते स्वतःच सांगत आणि लोक हसत. तोच विनोद मी मसाल्यावर बेतून एका साखरपुड्यात सांगितला, तर पाहुण्यांनी पाणी मागितलं. त्यांच्यासारखं शाईचं पेन खिशाला लावून बघितलं. सदरा गेला.

आमचं मंचरला मसाला कांडप. मासवडीच्या रश्श्याचा आमचा मसाला पार आळेफाट्याच्या हॉटेलांपर्यंत जायचा. अकरा वर्षं आमच्या भट्टीवर मसाला भाजणारा दत्ता, भावकीतलाच, एक दिवस काम सोडून गेला आणि दोन महिन्यांत तसाच मसाला तशाच लाल पाकिटात विकायला लागला. हॉटेलं एकेक करून त्याच्याकडे वळली. अण्णांचं जेवण सुटलं. तेव्हा चाचांना बोलावलं.

"वकील, त्याला आत टाका. चोरी केली त्यानं."

"चोरीचं मागनं बघू," चाचा म्हणाले. "आधी कुलूप व्हतं का ते सांगा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. जे गुपित म्हणून सांभाळलं, त्याच्यासाठीच कोर्टात उभं राहता येतं. उघड्यावर ठेवलेल्याला कोर्ट गुपित मानत नाही. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "मसाल्याचं प्रमाण कुणाकुणाला ठावं?"

"मला. आन सूनबाईला."

चाचांचं पेन थांबलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन भाऊंना?"

"त्याच्या पोटात काय ऱ्हातं का?"

सूनबाई म्हणजे माझीच बायको. लग्नाला वीस वर्षं झाली होती. ती शांतपणे चहा ओतत राहिली.

दत्ताला प्रमाण कळू नये म्हणून अण्णा घरी वजन करून जिन्नस फडक्यात बांधून द्यायचे. तो नुसतं भाजायचा. मग त्याला कळलं कसं? चाचांनी एकेकाला वेगळं बसवून विचारलं. माझी पाळी आली, त्यांनी डोळे मिटले, आणि पाच मिनिटांत मी दिवाळीतल्या व्हिडिओवर येऊन ठेपलो. अण्णा वजन करत असताना मी तो काढला होता आणि 'आमची परंपरा' असं लिहून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. कौतुक हवं होतं, दुसरं काय. दीडशे अंगठे आले, त्यातला एक दत्ताचा. व्हिडिओत प्रत्येक जिन्नस दिसत होता, आणि काट्यावरचे लाल आकडेही.

मी व्हिडिओ पुसायला गेलो. चाचांनी हात धरला. "पुसू नका. पुसलं की चोर आपण." मग म्हणाले, "मी अण्णांचा वकील. त्यांच्यापासनं हे लपवणार न्हाई. पण माझ्याआधी तुमी सांगितलं तर बरं दिसंल. मी हितंच बसतो."

सांगितलं. अण्णा बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मग माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाले, "हे गुपित हाय, असं ह्याला मी कधी म्हनलोच न्हाई. म्हनलो असतो तर ह्यानं टाकलं असतं का वो?"

"मला कशाला इचारता? तो बसलाय की समोर."

अण्णांनी मला विचारलं. मी 'नाही' म्हणालो. बापलेकाचं एवढंसं बोलणंसुद्धा वकिलामार्फत झालं.

चाचांनी अण्णांना स्पष्ट सांगितलं की, प्रमाणावर भांडलो तर हरू. पण जाताना दत्तानं आमच्या ऑर्डरच्या वहीचे फोटो काढून नेले होते. त्यातले आमचे भाव दाखवून त्यानं हॉटेलवाल्यांना कमी भाव दिला, हे एका हॉटेलवाल्यानंच चाचांना सांगितलं. (त्यांच्यासमोर बसला असणार, बिचारा.) वही आणि हुबेहूब पाकीट, एवढंच धरून नोटीस गेली. दत्ता बायकोला घेऊन आला. पाकीट बदलीन, वहीतल्या हॉटेलांकडे दोन वर्षं जाणार नाही, असं त्यानं लिहून दिलं. मसाला मात्र त्यानं स्वतःच्या नावानं विकावा, असं ठरलं. त्यावर अण्णा भडकले.

"भाजायचं कसब त्याचं हाय, अण्णा," चाचा म्हणाले. "ते कुठल्या कोर्टातनं काढून घ्याल?"

मग त्यांनी आम्हाला नियम घालून दिले. गुपित बाहेर सांगणार नाही अशा कागदावर कामगारांच्या सह्या, वजनाच्या खोलीला कडी, आत फोन न्यायचा नाही. हा शेवटचा नियम वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्या हिवाळ्यात अण्णांनी प्रमाण थोडं बदललं, आणि नवं प्रमाण मला सांगितलं. एवढा मोठा आनंद आणि कुणापाशी बोलायची सोय नाही, अशी माझी गत झाली.

गेल्या महिन्यात चाचा वकिली बंद करून नाशिकला मुलीकडे गेले. अण्णा आणि मी त्यांना आळेफाट्याला एसटीत बसवायला गेलो होतो. कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत अण्णांनी खिडकीतून त्यांचा हात सोडला नाही. माझा हात असा शेवटचा कधी धरला होता ते आठवून पाहिलं. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा, आणि तोही मी पळून जाऊ नये म्हणून.

मी आमची गाडी मंचरकडे वळवली. अण्णा बाहेर बघतच म्हणाले, "औंदा मसाल्याला धनं गावरान घ्यावं का बाहेरचं? तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकायला मी पन्नाशी गाठली. आणि केलं काय, तर आरशात बघितलं, नाशिकची एसटी अजून दिसतेय का ते.