नकाशावरचा राखाडी तुकडा

तीन माणसं एका खोलीत बसून जगभरातल्या सर्व्हेचे नकाशे रंगवायला लागली की किस्से आपोआप साचतात. आमचं ऑफिस नागापूर एमआयडीसीत. "तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, शून्य ते दहा?" असं देशोदेशी विचारतात. आम्ही ती उत्तरं स्क्रीनवर आणतो. क्लिक केलं की चार्ट उघडतो. हे काम देणाऱ्या परदेशातल्या मॅडमना यंदाचा डेमो पटला नाही तर ऑफिस बंद! कुणाच्याच जिवाला चैन नव्हती.

*

मुळे सर आमचे बॉस. टेन्शन आलं की रंग बदलायला लावतात. समाधानी देश हिरवे केले, तर म्हणाले, "उसाचं शेत वाटतंय!" लाल केले, तर "धोका वाटतोय!" शेवटी निळे केले. सर लांब जाऊन बघत राहिले.

"आता समुद्र कुठला?"

*

मी फिल्टर जोडत सुटलो होतो. वय, शिक्षण, शेती, एकटं राहणं... प्रत्येक क्लिकला माणसं गळत गेली आणि स्क्रीनवर एकच ठिपका उरला. सर ओरडले, "अरे, त्याला तरी राहू दे!"

*

टेस्टिंगसाठी आम्ही आमचीच उत्तरं भरली. सरांनी स्वतःला नऊ दिले. मी आणि आमच्यातली तिसरी, संगीता, दोघांनीही दोन-दोन.

"हे ऑफिसबद्दल की आयुष्याबद्दल?" सर चिडले.

संगीता म्हणाली, "डेमो होईपर्यंत काय फरक आहे, सर?"

*

संगीता पाथर्डीकडची. आई-वडील तेव्हा कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेले. व्हिडिओ कॉलवरच्या डेमोत मॅडमनी नेमका तिच्याच भागावर माउस नेला. तिथं राखाडी रंग, म्हणजे उत्तरच नाही.

"हा तुकडा रिकामा का? तुमचं काही चुकलंय?"

सरांचा चेहराच उतरला. संगीता म्हणाली, "चूक नाही, मॅडम. सर्व्हेवाले आले तेव्हा घरांना कुलपं होती. माणसं ऊस तोडायला गेली होती."

"मग त्यांचं उत्तर कळणार कसं?"

सर टेबलाखालून मलाच लाथा मारायला लागले! संगीतानं सरळ वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"आण्णा, आईला इचारा, दहातलं किती समाधान हाय?"

"आत्ता न्हाई सांगता यायचं तिला," आण्णा म्हणाले. "डोक्यावर उसाची मोळी हाय. खाली टाकू दे, मंग इचार."

संगीतानं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. माझा हात कॉल बंद करायच्या बटणाकडे गेला होता.

मॅडम म्हणाल्या, "टाकू द्या मोळी खाली. आम्ही थांबतो."