टाकीखालचं गाणं

आमच्या गाण्यांना पॉवर पॉप म्हणतात, हे आम्हाला दुसऱ्यांनी सांगितलं. तोवर आम्ही नुसती गाणी करायचो. तीन मिनिटांच्या आत संपणारी, गिटार खणखणीत वाजणारी, आणि धृपद असं की दुसऱ्यांदा आलं की ऐकणाऱ्याने सोबत म्हणावं. खामगावात कोणी त्याला काही नाव दिलं नव्हतं. माझी आई म्हणायची, "लवकर संपते, हे एक बरं हाय."

आम्ही तिघं होतो. मी बेस गिटार वाजवायची आणि गाणी लिहायची. दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची, रिपोर्ट टाइप करायची, आणि ते काम आजही करते. गाणारा आणि गिटार वाजवणारा माझ्या कॉलेजातला मित्र. त्याच्या घरची भाजीपाल्याची शेती, मिरची आणि वांगी जास्त. सकाळी माल मार्केटला उतरवला की तो मोकळा व्हायचा. ड्रमवर माझा मामेभाऊ, माझ्यापेक्षा लहान. मामाची सरकीच्या ढेपेची, म्हणजे जनावरांच्या पेंडीची, वखार आहे. तिथे छतापर्यंत पोती रचलेली असतात आणि त्यांच्यामुळे आवाज बाहेर जात नाही. म्हणून सराव तिथेच व्हायचा. घरी गेलं की केसांना ढेपेचा वास असायचा, आणि आई मला आधी अंघोळीला पाठवायची.

ज्या गाण्यामुळे पुढचं सगळं झालं, ते 'टाकी'. त्यामागची गोष्ट साधी आहे. कॉलेज संपलं तेव्हा एका मुलाशी माझं ठरल्यासारखं होतं. त्याच्या घरी बोलणं होणार होतं, आणि काय झालं ते तो मला आमच्या भागातल्या पाण्याच्या टाकीखाली येऊन सांगणार होता. मी टाकीच्या सावलीत उभी राहिले. सावली सरकली तशी मीही सरकत गेले. तो आला नाही, फोनही बंद होता. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न अमरावतीच्या मुलीशी ठरल्याचं कळलं. मी कोणाला काही विचारलं नाही. काही वर्षांनी एकदा बेस घेऊन बसले असताना ओळी सुचल्या. गाणारा मुलगा होता म्हणून गाण्यात वाट पाहणारा मुलगा केला:

*टाकीखाली थांबलो,*
*ऊन डोक्यावर आलं,*
*तू आलीच नाई, सांग काऊन?*

हा 'काऊन', म्हणजे 'का', तिघंही वेगवेगळ्या सुरात ओरडायचो. तेच धृपद. उड्या मारत म्हणायचं गाणं होतं ते. रडायचं नव्हतं मला, रडून झालं होतं.

काही रविवार वखारीत बसून आम्ही सहा-सात गाणी रेकॉर्ड केली आणि इंटरनेटवर टाकली. मित्रांनी ऐकली. मग एका सकाळी लॅबमध्ये गाणाऱ्याचा फोन आला. मुंबईच्या एका संगीताच्या वेबसाइटवर आमच्यावर लिहून आलं होतं. माझ्या हातात सुई होती आणि समोर एक काकू हात पुढे करून बसल्या होत्या. मी त्याला नंतर बोलते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत वाचलं. इंग्रजीत होतं. गिटारचं कौतुक होतं, आमच्या एकत्र आवाजांचं होतं, पॉवर पॉप हा शब्द तिथेच पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर एक मोठा परिच्छेद 'टाकी'वर होता. कोरडी पडलेली टाकी. तिच्याखाली उभा असलेला तरुण शेतकरी. 'तू' म्हणजे पाणी, आणि 'काऊन' हा त्याने आभाळाला, सरकारला आणि देवाला विचारलेला प्रश्न. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लेखन चांगलं होतं, आणि अडचण तीच होती. ते वाचून गाणं ऐकलं तर ते तसंच वाटायचं. मलाही वाटलं.

संध्याकाळी वखारीत मी म्हणाले की हे चुकीचं आहे. गाणाऱ्याला गोष्ट माहीत होती, तरी तो हसत होता. तो म्हणाला, "चुकीचं असन, पण चांगलं लिवलं ना आपल्याबद्दल?"

मग बाकीच्यांनी लिहिलं. बहुतेकांनी पहिल्याचं वाचून लिहिलं होतं, कारण कोरडी टाकी सगळ्यांकडे होती. पुण्याच्या एका पुरवणीत मात्र कोणीतरी नाराज होतं. संगीत चटपटीत आहे, पण वऱ्हाडी बोली वरून चिकटवल्यासारखी वाटते, मुद्दाम गावरान होण्याचा हव्यास दिसतो, असं त्यात होतं. मामेभावाने ते मोबाइलवर बराच वेळ वाचलं. तो ड्रमच्या मागे बसून होता, काठ्या मांडीवर. "मंग आता म्या कसं बोलू, ताई?" त्याने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. मी त्याला म्हटलं, बोलतोस तसाच बोल.

त्याच आठवड्यात टाकीखाली न आलेल्या त्या मुलाचा मेसेज आला. लग्न झाल्यापासून त्याचा माझा काही संबंध नव्हता. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. त्याने लिहिलं होतं: 'तुझं गाणं ऐकलं. त्यावरचा लेखही वाचला. दुष्काळावर इतकं खरं कोणी लिहिलं नव्हतं. आपल्या गावची म्हणून अभिमान वाटला.'

मी जेवत होते. ताट बाजूला सारलं नाही की काही नाही. अर्धी पोळी राहिली होती, ती खाल्ली, हात धुतले आणि 'धन्यवाद' असं लिहून पाठवलं. दुसरं काय लिहिणार? त्याला सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तेवढं माझ्यात उरलेलं नव्हतं.

पुण्याहून बोलावणं आलं. नव्या बँडांचा कार्यक्रम होता, दुपारचा, एका कॉलेजच्या मैदानावर. ट्रॅव्हल्सने सकाळी पोचलो, अंगं आंबलेली. निवेदिकेने आमची ओळख तहानलेल्या मातीचा आवाज अशी करून दिली. गाणाऱ्याने त्या दिवशी गळ्यात गमछा घातला होता. घरी तो गमछा वापरत नाही, त्याचे वडील वापरतात. 'टाकी' सुरू झालं तेव्हा त्याने चाल एकदम संथ धरली. आम्हाला काही सांगितलेलं नव्हतं. मामेभावाने माझ्याकडे पाहिलं आणि हात आखडता घेतला, मीही वेग उतरवला. समोरची मुलं-मुली हलत नव्हती, काहींनी डोळे मिटले होते. उड्या मारायच्या गाण्यावर शेकडो माणसं शोकसभेसारखी उभी होती, आणि गाणं संपल्यावर खूप टाळ्या झाल्या.

मागच्या तंबूत मी त्याला विचारलं.

"लोकायले तसंच पाह्यजे होतं," तो म्हणाला. "तू पाह्यले नाई का त्यायचे चेहरे?"

"मी लिहिलं तसं नाई ना ते."

"तू लिवलं तवा कोणी ऐकून राह्यलं होतं का?"

हे खरं होतं. परतीच्या प्रवासात आम्ही भांडलो नाही. सगळ्यांना झोप येत होती.

उन्हाळ्यात मुंबईच्या वेबसाइटवरचा तो पहिला समीक्षक स्वतः आला. त्याला आमच्यावर मोठा लेख करायचा होता. जलंबहून खामगावला येणारी छोटी रेल्वेगाडी त्याला बघायची होती, पण त्याची मोठी गाडी उशिरा आली आणि छोटी निघून गेली. मग मीच स्कूटीवर त्याला आणायला गेले. पन्नाशीकडे झुकलेला, बारीक अंगाचा, फार सभ्य माणूस. माझ्यासाठी बेसच्या तारांचं पाकीट घेऊन आला होता. चांगल्या तारा आमच्याकडे मिळत नाहीत, हे त्याला कसं सुचलं माहीत नाही. त्या दिवसापर्यंत मी मनात त्याच्याशी बरंच भांडले होते. पाकीट हातात आल्यावर ते जमेना.

त्याला टाकी पाहायची होती. नेलं. टाकी त्या वेळी भरून वाहत होती. वरचा वॉल्व्ह बिघडला होता आणि पाणी खांबांवरून खाली येत होतं, खांबांना हिरवं शेवाळ. खाली चिखल झाला होता आणि दोन म्हशी त्यात उभ्या होत्या. तो बराच वेळ वर पाहत राहिला. मग मी त्याला सांगितलं. एक मुलगा होता, तो येणार होता, आला नाही. गाणं एवढंच आहे.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"कोणी विचारलं नाही."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी फार ऐकतो हो," तो म्हणाला. "रोज नवं काहीतरी येतं. त्यात एखादा धागा हाताला लागला की बरं वाटतं, मग तो धरून लिहितो. पण गाणं मला खरंच आवडलं होतं. अजून आवडतं."

"आता खरं ते लिहा मग."

"लिहितो," तो म्हणाला. "पण लेख त्याच विषयावर मंजूर झालाय."

तो माझ्याइतकाच दमलेला दिसत होता. मी त्याला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला.

दुपारी गाणाऱ्याच्या शेतात गेलो. तिथे ठिबकवरची मिरची हिरवीगार उभी होती. समीक्षकाकडे कॅमेरा होता. मिरचीत उभं करून त्याने एक-दोन फोटो घेतले, पण त्याच्या मनासारखं होईना. मागे फार गर्दी होते, म्हणाला. तेव्हा गाणाऱ्यानेच शेजारचं वावर दाखवलं. ते नांगरून ठेवलेलं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे कापसाची सगळी वावरं तशीच असतात, ढेकळं तापू देतात. आम्ही तिघं ढेकळांत जाऊन उभे राहिलो. गाणाऱ्याचे वडील बांधावरून हाक मारत होते की लिंबाखाली बसा, उन्हात काऊन उभे राह्यले. हसू नका, एवढंच समीक्षक मधून मधून सांगत होता.

लेख छापून आला. त्याने शब्द पाळला होता. गीतकार या गाण्याला प्रेमगीत म्हणते, असं त्यात एक वाक्य होतं, आणि ते वाक्य 'पण'पाशी जाऊन पुढे पुन्हा पाण्यावर गेलं होतं. फोटो पानभर होता. फोटोत आम्ही खूप सोसलेले दिसत होतो.

त्यानंतर गाणाऱ्याने मला दुसऱ्या अल्बमसाठी दुष्काळावर दोन गाणी लिहायला सांगितली. मी प्रयत्न केला, मनापासून केला. दुष्काळ मी पाहिला नाही असं नाही. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी राहिलेय. पण लिहायला बसलं की ती रांग डोळ्यांपुढे येत नव्हती, त्या लेखातली वाक्यं येत होती. त्यांचंच यमक जुळवल्यासारखं व्हायचं. शेवटी मी त्याला नाही म्हणाले आणि मला आलं ते लिहिलं. चालू होत नाही अशा स्कूटीवर एक, सुईला घाबरणाऱ्या पैलवानावर एक, डोणगावच्या मावशीच्या घरी झालेल्या साखरपुड्यावर एक. वाजवायला आम्ही आता कितीतरी बरे झालो होतो. वखारीत त्या गाण्यांवर मामा पोत्यावर बसून पाय हलवायचा.

परीक्षणं थंड आली. गोड आहे, हलकं आहे, मातीपासून तुटलं. पुण्याच्या पुरवणीने या वेळी बोली सहज वाटते असं लिहिलं आणि गाणी मात्र शहरी झाल्याची तक्रार केली. आमच्या समीक्षकानेही लिहिलं: कारागिरी वाढली आहे, वजन कमी झालं आहे. मला राग आला नाही. मी रिपोर्ट टाइप करत होते, ते पूर्ण केले.

दिवाळीनंतर गाणाऱ्याने सांगितलं की तो पुण्याला चालला आहे. एका संगीतकाराकडे काम मिळालं होतं, मालिकेसाठी गावाकडचा आवाज हवा होता. वखारीच्या दारात उभं राहूनच त्याने सांगितलं, आत आला नाही.

"तुले राग आला का?" त्याने विचारलं.

"नाई."

"खरं सांग."

"थकली मी," मी म्हणाले. "राग नाई आला."

मामेभाऊ त्याला म्हणाला, "जाय बे, चांगलं हाय." आणि त्याच्या गिटारचा ॲम्प गाडीत चढवायला गेला.

आता आम्ही दोघंच आहोत आणि मी गाते. आवाज मोठा नाही. वरच्या सुरात फाटतो, तिथे मामेभाऊ झांज जोरात मारतो. शेगावच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं. मुलांनी आधी नाचायची गाणी मागितली, मग आमच्याच गाण्यांवर नाचली. नंतर एक मुलगी येऊन म्हणाली की पैलवानाचं गाणं तिच्या भावासारखं आहे. आमच्यावर कोणी लिहिलेलं नाही, आम्हीही कोणाला पाठवलेलं नाही.

गाणारा मध्ये चुलतबहिणीच्या लग्नाला आला होता, तेव्हा पंगतीत शेजारी बसला. मालिकेत त्याला दर वेळी त्याच त्या तऱ्हेने गायला लावतात, म्हणाला. जरा अजून गावाकडचं करा, असं सांगतात, आणि त्याला आता कळेना झालंय की तो घरी कसा बोलायचा. मी त्याच्या पानात जिलेबी वाढायला सांगितली. त्याने नवीन गाणं काही केलं का विचारलं, मी केलं म्हणाले, आणि तिथेच ताटावर बोटांनी ताल धरून हळू आवाजात म्हणून दाखवलं. दुसऱ्या कडव्याला त्याने वरचा सूर लावला, जिथे माझा आवाज फाटतो तिथे. समोर वाढणारा माणूस भाताचं पातेलं घेऊन थांबला होता.

ते गाणं अजून रेकॉर्ड व्हायचं आहे. मामेभाऊ रोज विचारतो. सध्या डेंग्यूची साथ आहे, लॅबमध्ये सकाळपासून रांग असते, आणि संध्याकाळी माझी बोटं तारा दाबायला तयार नसतात. येत्या रविवारी बसू, असं मी त्याला सांगितलं आहे.