ठाऊक असलेलं सांगताना

त्या शाळेच्या प्रयोगशाळेत हंगामी साहाय्यक म्हणून दीर्घकाळ वावरलेल्या त्या गृहस्थाला स्वस्थ बसलेले कोणी पाहिले नव्हते. शिक्षक फळ्यावर सूत्र लिहीत असले, की हा मागे परीक्षानळ्या उजेडाकडे धरून पुशीत असे. नळ्या संपल्या, की स्पिरिटच्या दिव्यांच्या वाती वर-खाली करी. आणि करण्यासारखे काहीच उरले नाही, तर खिशातल्या किल्ल्या तरी एका बोटावरून दुसऱ्या बोटावर फिरत राहत. मुलांनी त्याचे नाव चुळबुळकाका ठेवले होते. मुलांनी ठेवलेली नावे पुष्कळदा निर्दय असतात. चुकीची मात्र क्वचितच.

याच जागेवर आता कायम माणूस नेमायचे ठरले, आणि त्याच्या चुळबुळीला निमित्त मिळाले. नेमणूक पूर्वीसारखी ओळखीपाळखीवर व्हायची नव्हती. गोड वाणीवर भाळून नेमलेला एक ग्रंथपाल ग्रंथालयाला आतून कडी लावून दुपारभर झोपा काढतो, हे उघडकीस आल्यापासून मुख्याध्यापिकाबाईंचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी नियमच केला: सर्वांना एकच चाचणी, मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक परीक्षकाने आपले गुण आधी लिहायचे, मग तोंड उघडायचे.

"भावोजी, म्हणजे तुम्ही स्वतःच्याच खुर्चीसाठी रांगेत उभे राहणार?" त्याच्या मेहुण्याने हसत विचारले. "आपल्याच घराची बेल वाजवून 'कोण आहे?' ऐकण्यासारखं झालं हे!"

"तू गप रे," शिवणयंत्रावरून मान वर न करता त्याची पत्नी म्हणाली. "आधीच हे घरभर येरझारा घालताहेत, त्यात तुझं तेल नको. अहो, बसा की जरा! तुमच्या सावलीनं माझी टीप वाकडी जातेय."

कन्येने उत्साहाने परीक्षकाची भूमिका घेतली. डोळ्यांवर आईचा चष्मा चढवून ती समोर बसली.

"आता मी तुमची मुलगी नाही. मी तुम्हाला ओळखतही नाही. सांगा, प्रयोगशाळेत काय काम करता?"

"अगं, तुला ठाऊकच आहे की."

"मला काही ठाऊक नाही!"

"दर शनिवारी तिथेच तर येऊन बसायचीस, उंच स्टुलावर!"

"आई, बघ ना, बाबा नापास होणार," ती म्हणाली. सगळे हसले, आणि तोही हसला. त्या हसण्यात एक इशारा होता. तो कोणालाच ऐकू आला नाही.

चाचणीच्या दिवशी त्याला मुलांच्या बुटक्या बाकावर बसावे लागले. गुडघे फळीला टेकत होते. लेखी उत्तरे बरी गेली. मग एका मेजावर नावाच्या चिठ्ठ्या काढलेल्या रसायनांच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. कोणत्या एकमेकींजवळ ठेवू नयेत, हे ओळखून त्या वेगळ्या करायच्या होत्या. तिथे त्याचे हात प्रथमच आनंदाने चालले. मात्र मुलाखतीसाठी बाहेर थांबताना ती जुनी अधीरता उसळून आली. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाकावर दुसरी उमेदवार, नुकतीच शिक्षण संपवलेली एक तरुणी, मांडीवर हात ठेवून बसली होती.

"काका, बसा ना हो. तुमच्याकडे बघून मलाच घाम फुटतोय."

"बसलो तर मला फुटतो," तो म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला.

आतल्या मेजापलीकडे मुख्याध्यापिकाबाई होत्या, आणि दोन्ही बाजूंना बाहेरून आलेले दोन परीक्षक. बाईंनी त्याच्याकडे पाहिले ते अनोळखी माणसाकडे पाहावे तसे. तो गोंधळला. ज्या बाई रोज सकाळी "काय काका, उजाडलं का तुमच्या प्रयोगशाळेत?" असे विचारीत, त्या आज हातातल्या कागदावरून एकेक प्रश्न वाचीत होत्या. पहिले प्रश्न पार पडले. मग बाईंनी वाचले, "एखादं मूल संकटात सापडलं असताना तुम्ही नेमकं काय केलंत, असा एक प्रसंग सविस्तर सांगा."

त्याच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. एका मुलीच्या डोळ्यांत आम्ल उडाले होते. किंचाळ्या, धावपळ, कोणी रुमाल पुढे करतो, कोणी म्हणतो डोळे चोळू द्या. याने तिला कमरेला धरून नळाखाली नेले आणि सर्वांचा आरडाओरडा अंगावर घेत, डॉक्टर येईपर्यंत तिच्या पापण्या वाहत्या पाण्याखाली उघड्या धरून ठेवल्या. त्या वेळी मुलीचा हात धरून उभ्या होत्या त्या याच बाई.

"तो प्रसंग तर तुम्हाला ठाऊकच आहे की, बाई," तो संकोचाने हसून म्हणाला. "तुम्ही होतातच तिथे."

बाजूच्या दोघांनी मान वर केली नाही. बाईंचे ओठ क्षणभर हलले. मग त्या म्हणाल्या, "प्रश्न पुन्हा वाचते," आणि त्याच स्वरात, शब्दही न बदलता, त्यांनी तो पुन्हा वाचला.

नियमाने त्यांना तेवढेच करता येत होते. त्याने मात्र त्याचा अर्थ उलटा लावला. आपल्याच तोंडाने आपली थोरवी गायला निघालो, हे बाईंना रुचले नाही; दुसरे काही सांगा, असेच त्या सुचवीत आहेत. किल्ल्या घरी ठेवल्या होत्या, म्हणून बोटे शर्टाच्या गुंडीशी झगडू लागली. मग त्याने काचेचे एक पात्र फुटले असता मुलांना दूर सारून तुकडे कसे गोळा केले, ते दोन वाक्यांत सांगितले. पेन्सिली हलल्या. पुढचा प्रश्न आला.

ती जागा त्या तरुणीला मिळाली. तो दुसरा ठरला.

बाईंनी त्याला आपल्या खोलीत बोलावले. खुर्ची पुढे केली, पण तो खिडकीपाशीच उभा राहिला.

"त्या एका उत्तरात गेलं, काका."

"तुम्हाला ठाऊक होतं, बाई."

"मला होतं. त्या दोघांना नव्हतं. आणि तुम्ही न बोललेलं मी कसं मांडू?"

"नुसती खूण करायची होतीत. भुवई जरी उचलली असतीत..."

"मग तिच्यासाठी कोण उचलणार होतं? तिला इथे कोणीच ओळखत नव्हतं." बाईंचा आवाज खाली गेला. "घरी गेले, पण चैन नाही पडलं. नियम मीच केला, आणि टोचला तोही मलाच."

तो खिडकीची कडी काढू-लावू लागला. त्याला राग यायला हवा होता, आलाही होता, पण तो कोणावर काढावा, हे कळेना. परिचय माणसाला अर्धे वाक्य बोलायला शिकवतो. उरलेले अर्धे समोरच्याने मनात पुरे करावे, या भरवशावर त्याचे सारे आयुष्य चालले होते.

"आपल्याच धाकट्यांच्या शाळेत जागा निघणार आहे," बाई म्हणाल्या. "तिथेही हीच रीत. प्रश्न वेगळे असतील."

"आणि तुम्ही तिथेही मला ओळखणार नाही."

"नाही," बाई म्हणाल्या, आणि प्रथमच हसल्या. "मुळीच नाही."

किल्ल्या सोपवायच्या दिवशी ती तरुणी वेळेआधीच दारात उभी होती. "काका, मला वाटलं तुम्ही माझ्याशी बोलणारसुद्धा नाही," ती म्हणाली.

"बोलायचाच सराव करायचाय मला," तो पुटपुटला आणि भराभर कपाटे उघडू लागला. "ही आम्लं, हे क्षार, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तो नळ जरा घट्ट आहे, ते काय..."

आणि तो थांबला. पाय मात्र जागच्या जागी अस्वस्थ होते.

"नाही. असं नको. तुम्हाला काहीच ठाऊक नाही, असं धरून सांगतो. या नळापासून सुरुवात करू. हा दोन्ही हातांनी उघडायचा. उघडून बघा."

तिने उघडला. पाणी धो धो पडू लागले.

"एकदा काय झालं," तो त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "तिथे, तिसऱ्या मेजापाशी, एक मुलगी उभी होती..."

"मग?" तिने विचारले.

मग त्याने सांगितले. हात हलवीत, मेजापासून नळापर्यंत पुन्हा पुन्हा धावून दाखवीत, एकही गोष्ट तिच्या अंदाजावर न सोडता.