अन्सारची सुतळी आणि आठ बोटं

डोंगरकडा गावात मोटार एकच आणि ड्रायव्हरही एकच. मोटार माणिकराव देशमुखांची, ड्रायव्हर अन्सार. लढाईच्या दिवसांत टायरपेक्षा देव लवकर भेटे. म्हणून पुढच्या टायरच्या चिंध्या झाल्यावर माणिकरावांनी भंगारवाल्या नासेरकडून एक जुनं उचललं.

अन्सारनं टायरवरचा आकडा वाचला. "मालक, हे एकोणीस इंची. आपलं चाक एकवीस. न्हाई बसनार."

"काहून? बैलगाडीची लोखंडी धाव बी लहानच घेतात. तापवली, चढवली, पानी मारलं की गच्च." माणिकरावांच्या लेखी जगातली सगळी चाकं बैलगाडीचीच. "सोमवारी व्याही हिंगोली टेसनावर उतरून राहिलेत. मोटार न्हाई गेली, तर टोपी उतरव अन् छकडा हाक."

अन्सारची ती खाकी टोपी जेवतानाही उतरत नसे. निकाहात सेहराही तिच्यावरूनच बांधला होता.

लोहार संतरामनं गोवऱ्या पेटवल्या. अन्सारनं वाद घातला नाही. सुतळी काढून टायर बसतं तिथं चाकाभोवती गुंडाळली, गाठ मारली, आणि तीच टायरच्या आतल्या काठाला लावली. आठ बोटं सुतळी उरली.

"संतराम, धाव किती लहान घेतोस?"

"बोटभर. लई तर दीड."

"हितं आठ हायेत."

संतरामनं सांडशी खाली ठेवली. "मालक, आठ बोटांना लोखंड बी ऐकत न्हाई. रबराची तर खीर होईल."

छापील आकड्यांपेक्षा लोहाराची बोटं मालकांना पटली.

"पन हे टायर ज्या चाकाचं, ते कुटं आसंल?" अन्सार म्हणाला.

ते नासेरच्या घरी होतं, त्याच्या बायकोच्या, फातिमाबीच्या रांजणाखाली. बोल्टांची भोकं पाच, मोटारीचीही पाच. अन्सारनं त्यांच्यातलं अंतरही सुतळीनं पडताळलं.

"अन् रांजन कशावर ठेवू? मालकाच्या डोस्क्यावर?" फातिमाबीनं विचारलं.

"आमचं चाक घ्या, भाबी. दोन इंच मोठंच हाय."

"अन् रांजन आत घुसला म्हंजे?" तिनं सुतळी हिसकावली, रांजणाचं बूड मापलं, मगच अदलाबदल मंजूर केली. टायर घेताना मालकांना जे सुचलं नव्हतं, ते तिनं सौद्याआधीच केलं.

सोमवारी मोटार स्टेशनावर उभी राहिली, पुढून डावीकडे जराशी झुकून.

"ही वाकडी काहून?" व्याह्यांनी विचारलं.

"पाव्हन्यास्नी सलाम करून राहिली," अन्सार म्हणाला. त्यानं स्वतः मात्र टोपीला हात लावला नाही.