अर्ध्या वेगाचं गाणं

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जयलक्ष्मीपुरममध्ये तीसएक वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. बोटं दिसू नयेत म्हणून ते मुलांच्या हातांवर पुठ्ठा धरायचे, आणि एका ओळीत चूक झाली की पान पहिल्यापासून. "निधान, निधान," हळू, हळू, असं त्यांचं कानडीत चालू असायचं. मीही काही दिवस त्यांच्याकडे बसले होते. तिसऱ्या धड्यावर सोडून दिलं. मला पुढचं पान बघायची घाई असायची. अजूनही असते.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं बरंचसं परत आलं, उजव्या हाताची बोटं मात्र मागे राहिली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्यांनी दोन दिवसांत कपाटामागे टाकला आणि सापडत नाही म्हणून सांगितलं.

माझी मुलगी कॉलेजात आहे. ती कॉम्प्युटरवर तालाचा एक खेळ खेळते. गाणं लागतं, पडद्यावर चार रांगांतून ठिपके खाली येतात, आणि ठिपका रेषेला टेकला की त्या रांगेचं बटण दाबायचं. बटणं चार: डी, एफ, जे, के. अप्पा एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, ही तर माझ्या पहिल्या धड्याची बोटं." तिनं लगेच त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि त्यांना सरावाला बसवलं.

सरावात आधी नुसती टिकटिक ऐकू येते, आणि प्रत्येक ठोक्याला बटण दाबायचं असतं. स्पीकरमधून आवाज यायला जरा उशीर होतो, तो मोजून घ्यायची ही सोय. अप्पांचं बोट दर वेळी मागून पडलं. खेळाला वाटलं, यंत्रच हळू आहे. त्यानं तेवढा उशीर गृहीत धरला आणि मुकाट्यानं त्यांच्यासाठी थांबायला लागला. पुढे गाण्याचा वेग निम्मा करता येतो, हवा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावता येतो, आणि कितीही ठिपके चुकले तरी गाणं अडत नाही.

रोज सकाळी कॉफी झाली की अप्पा बसायचे. दहा वेळा बिनचूक झाल्याशिवाय वेग वाढवायचा नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच घातलेला. दोन महिने झाले तरी गाडी निम्म्याच्या जेमतेम पुढे. स्वयंपाकघरात तो एकच तुकडा ऐकून माझं डोकं उठायचं.

"अप्पा, किती दिवस तेच? पुढचं लावा की."

"इरली गं, राहू दे. बोट अजून बसलं नाही."

त्यांच्या पंचाहत्तरीला भाऊ, वहिनी आणि आत्या आले. जेवणं झाल्यावर मीच विषय काढला. मला अप्पांना मिरवायचं होतं, हे कबूल करते. त्यांना खुर्चीत बसवलं आणि सराव बंद करून खरं गाणं लावलं, पूर्ण वेगाचं.

"स्वल्प निधान ठेव गं," अप्पा म्हणाले.

"सराव पुरे झाला, अप्पा. आता खरं वाजवा."

खऱ्या गाण्यात वर एक पट्टी असते. ठिपका चुकला की ती कमी होते, आणि संपली की गाणं जागच्या जागी बंद पडतं. अप्पांचं अर्ध्या मिनिटात बंद पडलं. पडद्यावर 'नापास' अशा अर्थाचं इंग्रजी आलं. भावानं उगाच टाळ्या वाजवल्या. अप्पांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"साकु," म्हणाले. पुरे. मग खांद्यावरच्या पंच्यानं कीबोर्ड पुसला आणि त्यावर रुमाल पसरला. क्लास बंद करताना टाइपरायटर असेच झाकायचे. त्या खुर्चीत ते पुन्हा बसले नाहीत. मला फार वाईट वाटलं होतं, पण मी तसं बोलले नाही. उद्या बोलू म्हणत राहिले, आणि दीड महिन्यानं दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

चौदा दिवस झाल्यावर मी मुलीला अप्पांचं खातं उघडायला सांगितलं. त्यांनी काय काय वाजवलं ते बघायचं होतं. यादीत एकच ओळ होती. त्या दिवसाची, नापास.

"आणि रोजचं?"

"सरावाची नोंद राहत नाही, अम्मा. फक्त खऱ्याची राहते."

मी रडले. तिनं ती ओळ पुसू का विचारलं. मी नको म्हटलं, ती माझीही आहे.

मग मी त्यांच्या खात्यातूनच सराव लावला, निम्म्या वेगानं, तोच तुकडा. ठिपका रेषेला टेकला की मी दाबत होते, तरी पडद्यावर दर वेळी एकच शब्द: लवकर. लवकर. लवकर. आधी वाटलं खेळ बिघडला. मुलीनं सांगितलं, बिघडला नाही, अजून अज्जांचाच उशीर धरून चाललाय, बदलून देऊ का?

नको म्हटलं. आता रोज सकाळी कॉफी झाली की मी बसते. ठिपका टेकतो, बोट दाबायला धावतं, आणि मी त्याला धरून ठेवते. अप्पांना लागायचा तेवढा वेळ मला अजून थांबता येत नाही.