लेखक: नंदू

२००७ चा फेब्रुवारी, रविवार दुपार. व्यवहार पंचाहत्तर हजारांचा. जागा गोडदेवमधलं नंदावहिनींचं घर. हजर चौघे — मी, वहिनी, त्यांचे मोठे दीर वसंतदादा आणि खरेदी करणारे मेहताभाई. माझा जन्म अकाउंट्समध्ये गेला. जे टॅली होत नाही ते मी मानत नाही, भुताखेतांचं तर सोडाच. तरीही हे लिहितोय...

वहिनींचा नवरा दिलीप माझा मित्र. सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं काढायचं सॉफ्टवेअर त्याने घरीच बनवलं, आणि दिवाळीनंतर हार्ट अटॅकने गेला. मेहताभाई ते घ्यायला तयार होते, पण कोणती फाइल काय करते ते त्यांना छापून हवं होतं. त्यासाठी एक फुकटचा प्रोग्रॅम मिळतो. कोडमध्ये लिहिलेल्या टिपा उचलून तो आपोआप पानं तयार करतो, पदरचं एक अक्षर घालत नाही. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दिलीपने लिहिलेलं होतं — लेखक: दिलीप.

"डोकं माझ्या भावाचं, कम्प्युटर माझ्या पैशाचा," दादा म्हणाले. "चेक माझ्या नावावर. यात नंदाचं काय हाय?"

वहिनी चहा गाळत होत्या.

मी पानं छापायला घेतली. लेखक: दिलीप. लेखक: दिलीप. मग एकदम — लेखक: नंदू.

"आता हा नंदू कोण?" दादा.

मला वाटलं, व्हायरस असेल. मूळ फाइल उघडली, तिथे दिलीपच. पानं परत काढली. पुन्हा नंदू, आणि त्याच फाइलींवर.

वहिनींनी पान हातात घेतलं. "ते मला नंदू म्हणायचे. कुणासमोर न्हाय कधी."

"पण याच फाइली का?"

"त्या मी लिहिल्यात, भाऊ. ते शिकवायचे, मी करायची. नाव तुझं टाकतो म्हणायचे. मीच नको म्हटलं, लोक हसतील."

"पढवून ठेवलंय या सायबानी!" दादा माझ्यावर भडकले.

मेहताभाईंनी चष्मा काढला. "भाभी, थकबाकी के ब्याज में... बीच में कोई आधा पैसा भर दे, तो?"

वहिनींनी स्क्रीनकडे न बघता सांगितलं. मेहताभाईंनी अजून दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं वहिनींनी दिली.

"दादा, पढ़ाने से इतना नहीं आता."

दादा ते पान उलटसुलट करून बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "दिलप्याच हाय हा." चहा न घेताच उठून गेले.

नंतर त्याच फाइली मी माझ्या घरी चालवून पाहिल्या, वहिनींच्या मशीनवरही. सगळीकडे दिलीप. छापलेली पानं मात्र आहेत, नंदू असलेली. मेहताभाईंच्या इंजिनीअरलाही दाखवली, त्याने मान हलवून परत दिली.

पंचाहत्तर हजारांचा चेक वहिनींच्या नावे निघाला. त्यातून कम्प्युटरचे बावीस हजार त्यांनी स्वतः दादांच्या घरी नेऊन दिले. दादांनी ते घेतले.