बूच देवापुढं

लातुरात एका गल्लीत नळाला पाणी यायचा वार ठरलेला आहे, आणि त्याच गल्लीत राहणाऱ्या आमच्या काकांनी मोटारबोट विकत घेतली.

गल्लीने बातमी शांतपणे घेतली. शेजारच्या मुनीमजींनी एवढंच विचारलं, "सोडणार कुठं? हौदात?"

काकांची डाळमिल आहे. तुरीपलीकडे जगात काही आहे यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. पण त्यांची मुलगी वैष्णवी एका धरणाकाठच्या रिसॉर्टवर जीवरक्षक म्हणून नोकरीला होती आणि तिथे ती स्लॅलम वॉटर स्कीइंग शिकली. हे काय असतं ते मला पुढे अख्ख्या गावाला समजावून सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगतो. पुढे बोट सुसाट पळते. बोटीला दोर, दोराला दांडी, दांडीला लोंबकळणारा माणूस आणि त्याच्या पायाखाली एक फळी. बोट मधून सरळ जाते आणि मागचा माणूस डावीउजवीकडे झुकत पाण्यातल्या सहा तरंगत्या गोळ्यांना वळसे घालतो. (आपल्याकडे साध्या दाखल्यासाठी सहा टेबलांना वळसे घालावे लागतात, तसंच. फक्त इथे माणूस शेवटी पोचतो.)

रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथली बोट विक्रीला निघाली. दिवाळीनंतर वैष्णवीची राष्ट्रीय निवड चाचणी होती आणि सरावाला ना बोट होती, ना पाणी. काकांनी मन मोठं करून बोट घेतली. पाणी मात्र ट्रकवर घालून आणता येत नव्हतं. (लातूरने ते एकदा रेल्वेने आणून पाहिलं आहे, पण ते प्यायला.)

पाणी होतं चाकूरजवळच्या आमच्या गावी. गावचा साठवण तलाव यंदा काठोकाठ भरला होता. पण तिथे बोट घालायची तर ग्रामसभेची परवानगी हवी. काकांनी पोरीला सांगून टाकलं, "गाव हो म्हणलं तर कर सराव. न्हाई म्हणलं तर बोट इकायची, चाचणी इसरायची अन् मिलच्या काउंटरला बसायचं."

वैष्णवीने हे मान्य केलं. तिचा गावावर विश्वास होता. त्या गावात मी राहतो, हे ती विसरली.

माझं पालनपोषण पत्रकांवर झालं आहे. वडिलांनी जन्मभर पत्रकं वाटली आणि उरलेली घरी आणली. आमच्या घरी वह्यांना कव्हर पत्रकाचं, डब्यात भाकरीखाली पत्रक. बाराखडी यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. अशा माणसाच्या गावात भांडवलदार काका पेट्रोलची बोट घेऊन आला, तर त्या माणसाने काय करावं? मी पत्रक काढलं. 'तलाव जनतेचा, बोट कुणाची?' असा मथळा दिला. खाली गुरांच्या पाण्याचा प्रश्न होता, पेट्रोलच्या थेंबाचा प्रश्न होता आणि सर्वांत शेवटी मागणी होती: 'बोटीवर जनतेचा निरीक्षक नेमलाच पाहिजे.' शेवटची मागणी नेहमी अशी लिहावी की ती कधीच मान्य होणार नाही. त्यामुळे चळवळ टिकते.

वैष्णवी पत्रक हातात घेऊनच माझ्या घरी आली.

"दादा, पोहता येतं का तुला?"

"प्रश्न पोहण्याचा नाही. पाणी कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न आहे."

"म्हंजे येत न्हाई."

ग्रामसभेत सरपंच काशीबाईंनी माझं पत्रक मोठ्याने वाचून घेतलं. मला भरून आलं. मग त्या म्हणाल्या, "पोराचं बरोबर हाय. पेट्रोल सांडलं तर म्हशी काय पितील? दसऱ्याला एकडाव बोट फिरवून दाखवा, गाव काठावर बसून बघंल अन् तिथंच ठरवंल. निरीक्षक पायजे म्हणतोय ना हा? मग ह्यालाच बसवा बोटीत."

मी म्हणालो की निरीक्षक लोकांतून निवडला जावा, ही एक प्रक्रिया असते.

"निवडला की. कोण नको म्हणतंय का ह्याला?"

कुणीच नको म्हणालं नाही. वैष्णवी उठून म्हणाली, "तसंबी बोटीत एक माणूस लागतोच. चालवणारा पुढं बघतो, म्हणून दुसऱ्यानं मागं तोंड करून बसायचं अन् दोराच्या टोकाला काय चाललंय ते सांगायचं. मागं तोंड करायची दादाला सवय हाय."

अशा रीतीने माझी मागणी मान्य झाली.

बोट ट्रेलरवरून गावी काकांच्या शेतातल्या घरी आली, तेव्हा पहिला गोंधळ फळीवरून झाला. काकांनी सामान तपासलं. दोर होता, दांडी होती, तरंगायची जाकिटं होती, पण फळी एकच. त्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला आणि दुसरी फळी गिळल्याबद्दल त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. तो बिचारा गोदाम धुंडाळून थकला तेव्हा वैष्णवीने सांगितलं, "बाबा, स्लॅलमला एकच असती. दोन्ही पाय एकीवरच, एकामागं एक."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"तुमी लई रंगात आलेले."

इंजिन बघायला काकांनी लातूरहून सलीमभाईंना आणलं. सलीमभाई म्हणजे ट्रॅक्टरचे नामांकित मिस्त्री. या बोटीचं इंजिन मागे लटकत नाही, मधोमध पेटीखाली बसवलेलं असतं. सलीमभाईंनी पेटी उघडली, आत आठ सिलिंडर पाहिले आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

"हौ साब, हे तर मोटारीचंच इंजिन हाय. पाण्याला काय कळतंय, वर कोण चालून राह्यलंय ते?"

त्यांनी इंजिन खरोखरच चालू करून दिलं. जाता जाता तळाशी बसवलेला छोटा पंपही काढून ठेवला. बोटीत पाणी शिरलं तर ते आपोआप बाहेर फेकायचं, एवढंच त्या पंपाचं काम. "फालतू घरघर करून राह्यलाय," असं सलीमभाईंचं निदान पडलं.

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे गाडी धुतल्याशिवाय, तिला झेंडूचा हार घातल्याशिवाय आणि हळदीकुंकू लावल्याशिवाय ती जागची हलत नाही. बोट ही गाडीच, त्यामुळे काकांनी तिला बोअरच्या पाइपने अंघोळ घातली. बाहेरून घातली आणि भक्तिभावाने आतूनही घातली. बोटीत घोटाभर पाणी साठलं. ते जावं म्हणून बोट बघायला पुन्हा आलेल्या सलीमभाईंनी बोटीच्या बुडाचं, मागच्या बाजूचं, पितळी बूच फिरवून काढलं आणि पाणी वाहून गेलं. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. बूच त्यांनी बाजूला पाने आणि पकडी ठेवल्या होत्या तिथे ठेवलं. तेवढ्यात काकू पूजेची हत्यारं गोळा करत आल्या. त्यांनी पाने घेतले, पकडी घेतल्या आणि ते चकचकीत पितळी बूच दिसल्यावर ते सर्वांच्या मधोमध मांडलं. हळद, कुंकू, फूल. ताट घरात देवापुढं गेलं.

आता आमच्याकडचा नियम असा की पूजेला लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. गाडी मात्र त्याच दिवशी फिरवायचीच. म्हणजे बोट पाण्यात जाणं हे धर्मकार्य होतं आणि तिचं बूच देवापुढं राहणं हेही धर्मकार्य होतं.

सकाळी अख्खा गाव काठावर बसला. काका ट्रॅक्टरवर बसावं तसे बोटीच्या चाकामागे बसले. मी मागे तोंड करून बसलो. वैष्णवीने मला जाकीट दिलं. मी ते नाकारलं. काठावरच्या शेकडो लोकांकडे जाकीट नसताना निरीक्षकाने ते घालणं मला विशेषाधिकार वाटला.

"अरे, ते लोक जमिनीवर हायत," ती म्हणाली.

"तत्त्व जमीन आणि पाणी असा भेद करत नाही."

"बरं. पाणी करतं."

बोट सुटली. खरं सांगायचं तर पुढे जे दिसलं त्याला विरोध करणं मला जड गेलं. वैष्णवी पाण्यातून उठली, एका फळीवर तिरकी झाली, आणि खांदा पाण्याला टेकेल इतकी झुकून तिने आदल्या दिवशी तलावात सोडलेल्या गोळ्यांपैकी पहिल्याला वळसा घातला. मागे पाण्याची भिंत उठली. काठावरची म्हातारी माणसं उभी राहिली. तिने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मला वाटलं, तिने समेट केला. मीही अंगठा वर केला. (त्या खुणेचा अर्थ 'वेग वाढवा' असतो आणि तो चालकाला सांगणं हेच माझं काम होतं, हे मला संध्याकाळी कळलं.)

इथे एक यांत्रिक बाब समजून घ्या. बुडाला भोक असलं तरी अशी बोट वेगात असताना बुडत नाही, कारण पळण्याच्या झोतात आतलं पाणी भोकातून मागे ओढलं जातं. ती बुडते ती थांबल्यावर. म्हणजे त्या दिवशी आम्ही नुसते पळत राहिलो असतो, तर सगळं ठीक झालं असतं. पण बोटीवर जनतेचा निरीक्षक होता.

"काका, थांबवा. पाण्याचा नमुना घ्यायचाय."

"आत्ता? मधोमध?"

"मधोमधच. काठाजवळचा नमुना कुणीही घेईल."

काकांनी इंजिन मंद केलं. दोर सैल पडला आणि वैष्णवी मागे पाण्यात बसली. मी वाकून बाटली भरली आणि वास घेतला. पेट्रोलचा वास आला नाही. मला संशय आला. बाटली ओतून मी दुसऱ्या बाजूने पुन्हा भरली. तिकडून वैष्णवी ओरडली, "दादा, बोट मागून खाली कामून चाललीय?"

"विषय बदलू नकोस."

तेवढ्यात माझी चप्पल माझ्यासमोरून तरंगत गेली. पाठोपाठ इंजिनच्या पेटीखालून कारंजं उडालं, एक उचकी आली आणि आठही सिलिंडर एकमताने बंद पडले. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला मोबाइल काढून काठावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सलीम, पाणी येऊन राहिलंय."

"बूच लावलं ना साब?"

"बूच तुझ्यापाशी होतं की."

"मैंने तो पान्यासंगं ठेवलं होतं. भाभी, तुमने देखा?"

फोनवर काकूंचा प्रसन्न आवाज आला. "ते व्हय? ते देवापुढं हाय."

"आणा म्हणावं पळत!"

"आज कसं आणता येईल? पूजेला लागलंय ते. उद्या उचलायचं."

"मग आमी उद्यापर्यंत इथंच तरंगावं का?"

"तुमी बोट घेऊन या तर काठाला. मग बघू."

काका विहिरीत पोहायला शिकलेले. त्यांनी फोनची पिशवी दातात धरली आणि शांतपणे पाण्यात उतरले. मी बोटीत राहिलो. आता बोटीत आणि तलावात फरक उरला नव्हता. अशा बोटींच्या पोकळीत फोम भरलेला असतो, म्हणून त्या तळाला जात नाहीत, कडेपर्यंत बुडून तिथेच डुलतात. हे ज्ञानही मला संध्याकाळचं. त्या क्षणी मी हातपाय मारून बोटीपासून शक्य तितका दूर गेलो आणि पाण्याचे नमुने तोंडाने घेऊ लागलो.

वैष्णवीने येऊन मला मागून कॉलरला धरलं.

"गळ्याला मिठी मारू नको. फळी छातीखाली घे. पाय मार."

"माझी बाटली..."

"पाय मार म्हणलं ना!"

तिला ओढायला आणलेल्या दोराची दांडी तिने माझ्या काखेत अडकवली, दुसरं टोक बोटीपासून सोडवून स्वतःच्या कमरेला बांधलं आणि मला ओढत काठाला आणलं. जगात बोटीशिवाय झालेलं हे बहुधा एकमेव वॉटर स्कीइंग असावं. मी फळीवर पालथा होतो.

काठावर काका चिखलात बसले, पाण्यात कडेपुरती दिसणाऱ्या बोटीकडे पाहिलं आणि वैष्णवीला हळूच म्हणाले, "संपलं बघ बाळा." ती फळीवरचं शेवाळ अंगठ्याने पुसत बसली. मी तलावाचं पाणी ओकत होतो. माझ्या एका बाटलीपायी तिचं काउंटर पक्कं झालं होतं.

"निरीक्षक," काशीबाई म्हणाल्या, "पाणी कसं हाय?"

त्या दिवशी तलावाचं पाणी माझ्याइतकं सखोल कुणी तपासलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. "पेट्रोलची चव नाही," मी म्हणालो. "शेवाळाची आहे. आणि थोडी म्हशीची."

"म्हणजे म्हशीनं पाणी खराब केलंय, बोटीनं न्हाई?"

"सध्या तरी असंच म्हणावं लागेल."

गणपतआबा म्हणून गावातले एक जुने शेतकरी आहेत. ते काठी टेकत पुढे आले. मला वाटलं, हे नक्की नको म्हणणार. ते म्हणाले, "बोट बुडली तर बुडली. पोरगी काय बुडली न्हाई, उलट बुडता गडी काढला. दरसाली ह्या तळ्यात एखादं लेकरू जातंय. ही गावच्या लेकरांना पोहायला शिकवणार आसंल तर फिरवू द्या की बोट."

"शिकवते, आबा," वैष्णवी म्हणाली.

ओल्या काठावरच हात वर झाले. परवानगी मिळाली. बोट ट्रॅक्टरने ओढून काढली, सलीमभाईंनी इंजिनातलं पाणी उपसून पंप मुकाट्याने परत बसवला, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी बूच काढून दिलं. पुढे वैष्णवीची चाचणीसाठी नीट तयारी झाली. मागे तोंड करून बसायला आता काशीबाईंची सून जाते. तिला सगळ्या खुणा कळतात.

वर्षानुवर्षं मी पत्रकांतून मागणी करत आलो की गावाने निदान एक ठराव तरी एकमताने करावा. त्या दिवशी तोही झाला: 'सदर इसमास यापुढे बोटीत बसवू नये.' विरोधात एकही हात नव्हता. सर्वांत आधी वर गेलेला हात माझा होता.